माझं गुपित कोणी फोडलं

मी जन्मापासून कॅथलिक आणि जवळजवळ तेव्हापासूनच संशयी. भाजीवाली तराजू धरते तेव्हा मी काट्याकडे न बघता तिच्या बोटांकडे बघते. हा स्वभाव काही देवळाच्या दारात चपलांसारखा काढून ठेवता येत नाही. त्याच्यापायी मी एक अख्खं वर्ष ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे वेदीवरच्या पवित्र भाकरीला, मुकले, त्याची ही हकिगत. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या नागपुरातली.

माझी धाकटी बहीण मार्था काटोलच्या एका संत्राबागवाल्याशी हिंदू रीतीनं लग्न करून गेली. मला तिचा फार राग आला. पुढे आई तापानं अंथरुणाला खिळली आणि सारखं मार्थाचं नाव घेऊ लागली. ‘पत्र टाकलं,’ असं मी तिला सांगितलं. टाकलं नव्हतं. आई तीन दिवस दाराकडे बघत राहिली आणि गेली. ती गेल्यावर मात्र मी लगेच निरोप धाडला. मार्था आली तेव्हा, आधीचं पत्र टपालात हरवलं असेल, असं तिच्या तोंडावर सांगितलं. ती रडली, मीही तिच्या गळ्यात पडून रडले. ते रडणं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटते.

हे ओझं दोन वर्षं वागवून पावसाळ्यातल्या एका शनिवारी मी पापनिवेदनाला, म्हणजे देवळात पाप कबूल करायला, गेले. जाळीपलीकडे आमचे फादर होते, परदेशी, अबोल माणूस. त्यांनी पापक्षमा दिली आणि म्हणाले, आता बहिणीला खरं सांग. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मिसाला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, लॅटिन वाचन आटोपून ते मराठीत सांगू लागले. वेदीपाशी दान आणताना आपल्यामुळे भावंडाचं मन दुखावल्याची आठवण झाली, तर दान तिथंच ठेवून आधी समेट करून यावा. माझ्या अंगावर काटा आला आणि मागोमाग अंगाचा तिळपापड झाला. फादर जीव गेला तरी पापनिवेदनातलं गुपित फोडत नाहीत, असं लहानपणापासून शिकलेली मी. यांनी एक दिवससुद्धा दम धरला नाही.

त्यानंतर मी पापनिवेदन सोडलं, आणि मनात अढी ठेवून ख्रिस्तप्रसाद घेणं बरं नाही म्हणून तोही सोडला. मिसाला मात्र जायची, कोण माझ्याकडे बघतं ते बघायला. शाळेच्या मास्तरांच्या बायकोनं बाकावर सरकून जागा दिली, तर वाटलं, हिला कळलंय. जागा दिली नाही, तरी तेच वाटलं. ऑक्टोबरात जपमाळेची प्रार्थना घरोघरी फिरते. ती आमच्या गल्लीत आली तेव्हा मी पुढच्या दाराला कुलूप घालून परसात लपून बसले आणि नेमका मला खोकला आला. बायका बाहेर थांबून माझ्याचसाठी प्रार्थना करून गेल्या. ईस्टरलाही मी ख्रिस्तप्रसाद घ्यायला जागची उठले नाही. घरी येऊन खूप रडले. देव होता, देऊळ होतं, आणि मला कुठंच थारा नव्हता.

वर्ष सरलं. फादर खेड्यांच्या फेरीवर होते म्हणून एका रविवारी कामठीहून एक म्हातारे फादर आले. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनीही तेच सांगितलं, दान ठेव आणि आधी समेट कर. आता कामठीपर्यंत माझी बदनामी पोचली म्हणायची. मिसा संपताच मी तरातरा वस्त्रं ठेवण्याच्या खोलीत गेले.

“फादर, माह्या बहिणीचं तुमाले कोणी सांगतलं?”

“कोणती बहीण?” ते गोंधळले. मग माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी तो जाड लॅटिन ग्रंथ उघडला. “बाई, या रविवारचा उतारा ठरलेला आहे. दर वर्षी हाच. आज सगळ्या देवळांत हाच वाचला. हे पुस्तक तुझ्या जन्माआधी छापलंय.”

म्हणजे दर पावसाळ्यात हे शब्द माझ्या कानांवरून गेले होते. ऐकू आले ते माझं पाप बोलून मोकळी झाल्यावरच. कोणी सांगितलं ते शोधण्यात मी वर्ष घालवलं आणि काय सांगितलं तिकडे लक्षच दिलं नाही. रिकाम्या देवळात गुडघे टेकून मी म्हटलं, प्रभू, मी जाते, पुढचं तू बघ.

काटोलला मार्था ओसरीवर डाळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.  मग पुन्हा डाळ निवडू लागली.

“मले माहीत होतं, ताई. आई बिमार हाय म्हून बाजारातल्या एका माणसानं सांगतलं होतं. मीच नाही आली. तुह्या रागाले भेली मी. आता काहून रडून राहिली वं? बस, जेवून जा.”

कोणता माणूस, कोणत्या दिवशी, सगळे प्रश्न माझ्या जिभेवर आले. आईसाठी ही पोर पूर आलेल्या नदीतूनही आली असती, माझ्या रागाला काय भिणार? ती मला वाचवायला खोटं बोलत होती का? आयुष्यात पहिल्यांदाच मी काही विचारलं नाही. तिच्याजवळ बसले आणि ताटातली मूठभर डाळ माझ्यापुढे ओढली.

पुढच्या रविवारी मी ख्रिस्तप्रसाद घेतला. मार्था खरं बोलली की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी ते मला विचारू दिलं नाही, यासाठी मी प्रभूचे रोज आभार मानते.