इस्त्रीसाठी शेजारच्या ट्रेलरात

डेलमार ब्रोखॉफने आयुष्यभर आयोवात दुधाचे टँकर चालवले. निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, आर्डिसने, चाकांवरचं घर असलेला एक जुना ट्रेलर घेतला. तेव्हापासून थंडी पडायला लागली की दोघं तो गाडीमागे जोडून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्टझसाइटला येऊन राहायची. तिथे विजेची तार नाही, नळ नाही. ऊन मात्र हवं तेवढं. डेलमारने ट्रेलरच्या टपावर दोन सोलर पॅनल स्वतःच्या हातांनी बसवले होते. त्यांवर दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा आणि आर्डिसचं शिलाई मशीन चालायचं. याचा त्याला भारी अभिमान. संध्याकाळी सगळ्या ट्रेलरवाल्यांच्या शेकोटीला कुणी नवा माणूस आला की तो आधी बॅटऱ्या दाखवायचा, मग कॉफी विचारायचा.

आर्डिस गोधड्या शिवायची. तिच्या गोधड्यांचा एकेक जोड शिवला की त्यावर इस्त्री फिरवावी लागे, नाहीतर चौकोन वाकडे यायचे. आणि नेमकी इस्त्रीच डेलमारच्या विजेवर चालत नव्हती. मशीनला चिमूटभर वीज पुरते, इस्त्री बॅटरी रिकामी करून टाकते. "घरी गेल्यावर कर," असं तो दरवर्षी सांगायचा, आणि ती तुकडे तसेच खोक्यात भरून आयोवाला परत न्यायची.

त्या हिवाळ्यात लाइल नावाचा माणूस शेजारी येऊन उतरला. ओरेगॉनचा, टेलिफोनच्या तारा जोडण्यात उमेदीची वर्षं घालवलेला, बायको वारलेली. त्याच्या ट्रेलरचा टप पॅनलांनी झाकलेला, शिवाय आणखी चार जमिनीवर उन्हाकडे तोंड करून उभे. आत मायक्रोवेव्ह, टोस्टर, पाव भाजायची भट्टी, सगळं विजेवर. पहिल्याच आठवड्यात त्याने आर्डिसला सांगितलं, की दुपारपर्यंत माझ्या बॅटऱ्या भरतात, पुढची वीज फुकट जाते, तर इस्त्री माझ्याकडे येऊन करत जा.

ती जायला लागली. आधी तासभर, मग अख्खी दुपार. तिकडून ताज्या पावाचा वास यायचा आणि मधूनमधून तिचं हसणं. डेलमारने पक्षी बघायची दुर्बीण काढली आणि दारात बसून पक्षी नसलेल्या बाजूला बघत राहिला. एक दिवस जाताना तिने लिपस्टिक लावली. त्याने विचारलं तर म्हणाली, उन्हाने ओठ फुटतात. गेली कित्येक वर्षं याच उन्हात तिचे ओठ कसे फुटले नाहीत, हे त्याने विचारलं नाही, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. लाइलच्या पॅनलांवर धूळ बसावी, ढग यावेत, असलं काहीबाही तो मनात म्हणत राहिला. ढग आले ते दोघांवरही आले, आणि आधी डेलमारचे दिवे मंदावले.

शेवटी तो गावात जाऊन, तंबूतल्या बाजारातून मोठा इन्व्हर्टर घेऊन आला. जाड तार घ्यायला हवी हे त्याला कळत होतं, पण धीर नव्हता. जुनीच तार जोडली. दुपारी आर्डिस निघाली तेव्हा त्याने तिला थांबवलं.

"आता तिकडे जायची गरज नाही."

तिने इस्त्री लावली. ती तापली. दोन-तीन जोड दाबून झाले, आणि इन्व्हर्टर किंचाळायला लागला. प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तार हात लावू देईना, म्हाताऱ्या बॅटऱ्यांनी मान टाकली. दिवे गेले, पंप गेला. आर्डिसने इस्त्री उभी करून ठेवली.

"डेल, हे सगळं इस्त्रीसाठी केलंस?"

"मग कशासाठी?"

"मी इतकी वर्षं मागत होते, तेव्हा का नाही केलंस?"

त्याने इस्त्रीचा प्लग ओढून काढला. मग म्हणाला, "तो तुझ्याकडे बघत बसतो."

"बघतो ना. कुठला रंग कुठे लावू विचारलं तर सांगतोही. तू कधी विचारलंस?"

ती आली नाही म्हणून लाइलच चौकशीला आला. जळकी तार बघून तो काही बोलला नाही, हेच डेलमारला जास्त लागलं. युमा शहरातून नव्या बॅटऱ्या येईपर्यंत लाइलने आपल्याकडून दिवे आणि पंपापुरती एक लांब नारिंगी वायर वाळूवरून ओढून दिली. येताजाता डेलमारला ती ओलांडावी लागे. शेकोटीवर कुणीतरी म्हणालंच, "काय डेलमार, तुझं बिल लाइलकडे येतं का आता?" सगळे हसले. आर्डिसही हसली.

दुसऱ्या दिवसापासून डेलमार स्वतःच इस्त्रीचा पाट उचलून तिच्याबरोबर जायला लागला. लाइलच्या पायरीवर तोंड पाडून बसायचा. लाइल त्याला कॉफी द्यायचा, आणि ती कॉफी चांगली असायची, याचाही त्याला राग यायचा. एकदा न राहवून तो म्हणाला, "तो निळा तिथे नको." आर्डिसने तुकडा उचलून बघितला आणि दुसरीकडे लावला. लाइल पावाकडे बघायला उठला.

पुढच्या हिवाळ्यात डेलमारच्या टपावर आणखी तीन पॅनल होते, जाड तारा होत्या आणि इस्त्री त्यांच्याच ट्रेलरात चालत होती. लाइल आला तो आयडाहोच्या एका बाईला घेऊन, कॉर्लिस तिचं नाव. डेलमार हात पुढे करून भेटून आला आणि सकाळभर शीळ घालत पॅनल पुसत राहिला.

दुपारी आत गेला तर आर्डिस एकाच जोडावर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती.

"त्या बाईला शिवता येतं का रे?" तिने मान वर न करता विचारलं.

डेलमारची शीळ थांबली. असला आवाज कसा येतो, ते त्याला पाठ होतं. गेला हिवाळाभर तो त्याच्या स्वतःच्या घशात होता. त्याने कॉर्लिसला शिवणाचं काहीच विचारलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "सुई धरता येत नाही तिला."

आर्डिस "हं" म्हणाली आणि तिने पुढचा तुकडा घेतला.