थैलीवाल्या बाई

कुणाच्या दोरीवर जुनी, विरलेली मलमल वाळताना दिसली की बाईंची पावलं थबकत. कापड उजेडाकडे धरून त्या आरपार पाहत आणि सरळ मागून घेत. त्याच्या लहान लहान पिशव्या शिवून त्या पळसाच्या कळ्यांवर बांधत. कळी आत फुले, वारा तिला लागे, पण पाखराची चोच तिच्यापर्यंत पोहोचत नसे. बालाघाटचे रिक्षावाले त्यांना ‘थैलीवाली मैडम’ म्हणत. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना ते नाव मनापासून आवडे.

फुलं आणि त्यांच्याकडे येणारे पाहुणे यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचं ‘परागण मंडळ’ बाईंनीच उभं केलेलं. दर फाल्गुनात त्यांच्या अंगणात सभा भरे. गोंदिया, नागपूर, जबलपूरहून माणसं येत. सडा घातलेल्या मातीचा आणि वेलचीच्या चहाचा वास एकमेकांत मिसळे, आणि एखाद्या भुंग्यावरून आवाज चढत. मी शेजारीण, कवितेत वाढलेली. अक्षर बरं म्हणून अहवाल माझ्याकडे आला. पहिल्याच अहवालात मी पळसाच्या ज्वाळेत बुडालेला शिंजीर पक्षी लिहिला. बाईंनी ‘ज्वाळा’ खोडली.

“काहून वो, आग लागली होती का तिथं? पाखरू किती वेळ बसलं, ते लिही ना.”

पुढे माणसं रोडावली. कुणाची बदली झाली, कुणी पत्राला उत्तर देईना. बाई मात्र साऱ्या खुर्च्या मांडत. “बाई, इतक्या कशाला?” असं मी विचारलं, तेव्हा त्या पदराने एक रिकामी खुर्ची पुसत होत्या.

“राहू दे. कोण आलं ते कोणीबी सांगते. कोण नाही आलं, अन् त्यानं काय झालं, ते पाहा लागते. थैली त्याच्यासाठीच बांधतो ना आपण?”

जो बांधेल त्यानेच सोडायची, हा मंडळाचा नियम होता. फूल सुकलं की पिशवी काढायची, म्हणजे शेंग धरली असेल तर तिला वाढायला जागा मिळते. शेवटच्या वर्षी बाई लामता गावच्या पळसावर पिशव्या बांधून आल्या आणि त्यांनी अंथरूण धरलं. दवाखान्याच्या फिनेलच्या वासात त्यांचा एकच धोशा होता, “मले लामत्याले ने.” पाखराशिवाय पळस फळत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं, वाद घालणारे त्यावर हसत आले होते. पिशवीत शेंगा धरल्या असत्या तर ते सारं कोसळणार होतं.

डॉक्टरांनी सोडलं नाही. शेवटी बाईंनी माझं मनगट धरलं. “तूच जा. पण शेंग दिसली तर दिसली म्हणून सांगजो. मले बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलू.”

छोट्या लाईनच्या गाडीने मी गेले. पिशवी न बांधलेल्या फांद्यांना मखमली लव असलेल्या चपट्या, हिरव्या शेंगा लोंबत होत्या. मी एकेक गाठ सोडू लागले. प्रत्येक पिशवीतून तळहातावर पडत होती ती फक्त तपकिरी, वजन हरवलेली फुलं. त्यांना धुळीचा आणि शिळ्या मधाचा वास होता. कोणी आलं नव्हतं. काही धरलं नव्हतं.

“सगळ्या रिकाम्या, बाई,” मी परतून सांगितलं आणि एक पिशवी त्यांच्या हातावर उपडी केली.

त्यांनी ती फुलं नाकाशी नेली. “हौ,” त्या म्हणाल्या, “म्हणजे पाखरू लागतेच.” जिंकल्यासारखं हसल्या, पण मूठ मात्र उघडली नाही. त्याच आठवड्यात बाई गेल्या.

पुढच्या फाल्गुनात मी त्यांच्या अंगणात साऱ्या खुर्च्या मांडल्या. जी थोडी माणसं आली, त्यांनी चहा घेतला. भुंग्यावरून कोणी भांडलं नाही. अंगणामागच्या पळसावर शिंजीर येऊन गेला. तो किती वेळ बसला, हे कोणी पाहिलं नाही. दुपारी अहवाल लिहिताना माझ्या हातून पुन्हा ‘ज्वाळा’ लिहिली गेली. खोडायला मी लेखणी टेकवली आणि तशीच उचलली.

तो शब्द अजून तिथेच आहे.