भिंगकाकूंची निळी फुलदाणी

चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काचा घासून निवृत्त झालेल्या बाईंना सगळी गल्ली भिंगकाकू म्हणे. गळ्यात दोरीला भिंग आणि जिवाला जुन्या काचेचा नाद. कोणी माळ्यावरची बरणी आणायचं, कोणी आजीची अत्तरदाणी. काकू आधी वस्तू उलटी करायच्या. फुंकून घडवलेल्या काचेच्या बुडाशी दांडीवरून तोडल्याचा वण असतो, साच्यातल्या काचेच्या अंगावर शिवण. शिवण दिसली की काकू तोंडावर सांगत, "शंभर वर्षांची? हिचे अजून दुधाचे दात पडायचेत." वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला हे ऐकवलं, तेव्हापासून ती मागच्या जिन्याने जाते.

काकूंच्या यजमानांना, म्हणजे निवृत्त पोस्टमन असलेल्या काकांना, या भिंगाची धडकीच भरे. अकरा वर्षांपूर्वी काकू बहिणीकडे गेल्या असताना काकांनी झुरळावर चप्पल भिरकावली होती. झुरळ वाचलं. काकूंच्या आजेसासूबाईंची निळी फुलदाणी गेली. काकांनी एक तुकडा खिशात घालून दुकानं पालथी घातली, हुबेहूब तशी नवी आणली, जुनी दिसावी म्हणून तिचं बूड फरशीवर खसाखसा घासलं आणि कपाटात ठेवून दिली. काकू परतल्या, कपाटाकडे एकदा बघितलं आणि "चहा टाकते" म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला.

आणि आता संग्रहालयातल्या बाई घरी आल्या होत्या. जुन्या काचेचं प्रदर्शन भरवायचं होतं.

"ती निळी फुलदाणी बघू?"

"ती नको!" काका उठलेच. "तिला हवा बाधते."

"काचेला?"

बाईंनी फुलदाणी उलटी केली. काकांना घाम फुटला. "थांबा! फुलदाणी मी फोडली!"

बाई हातातल्या फुलदाणीकडे बघत राहिल्या. "ही तर अख्खी आहे."

"ही नाही हो, आधीची!"

"माहीत आहे मला," काकू शांतपणे म्हणाल्या. "शिवण काठापर्यंत गेलीय, वणाचा पत्ता नाही, आणि ओरखडे सगळे एकाच दिशेला. वापरून झिजलेलं बूड असं रांगेत झिजत नाही."

"कधीपासून माहीत आहे?" काकांनी विचारलं.

"आले त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दुसऱ्याच दिवशी आपणहून भांडी घासायला लागलात. म्हटलं, किती दिवस टिकतंय बघू."

काका तरातरा गॅलरीत गेले आणि रुसून बसले. अकरा वर्षांची भांडी डोळ्यांपुढून गेली. थोड्या वेळाने काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"राग आला होता हो. बाथरूममध्ये जाऊन रडलेसुद्धा. पण मग तुमचा सदरा धुताना खिशात तो तुकडा सापडला. नेमकी तीच निळाई शोधून आणलीत. इतकी वर्षं काचेत काढून मला जमली नसती."

काका उठून आत आले.

बाईंनी प्रदर्शनासाठी काकूंची हिरवी अत्तरदाणी निवडली आणि निळी फुलदाणीही मागून घेतली, नक्कल कशी ओळखावी हे दाखवायला. प्रदर्शनाचे तिन्ही दिवस काका त्या फुलदाणीशेजारी उभे. झुरळ, चप्पल, खसाखसा घासलेलं बूड, सगळं हातवारे करून सांगायचे. लोकांची ही गर्दी! दीडशे वर्षांच्या अत्तरदाणीपुढे चिटपाखरू नव्हतं, आणि भिंगकाकू तिथे एकट्याच तोंड फुगवून बसल्या होत्या.