निळ्या बोटांचं मत

सत्त्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी दुपारी, आमच्या गल्लीतल्या अक्काचं मत मारलं गेलं. ती सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला. चादरीच्या सुताला देतात तो निळा रंग तिच्या नखानखांत कायमचा बसलेला.

शाळेच्या खोलीत मी तिच्या मागंच होतो. शाईची बाटली घेऊन बसलेल्या माणसानं तिचा हात पाहिला.

"बाई, तुमचं मत झालंय. बोटाला शाई आहे."

"रंग हाय त्यो, साहेब. धाई बोटं बगा की. मी काय धा मतं टाकली व्हय?"

रांग हसली. मी म्हणालो, यादी बघा, तिच्या नावापुढं खूण आहे का? "तुझा नंबर आल्यावर बोल," शाईवाला म्हणाला. भिंतीशी सगळ्या पक्षांचे एजंट चहा पीत बसलेले, आमच्या पक्षाचासुद्धा. एकानं तोंड उघडलं नाही. हिचं मत कुणाला पडणार हे ठाऊक नव्हतं ना, मग कशाला बोला? मला त्यांच्या चहाचीसुद्धा किळस आली.

अक्का तडक कारखान्यात गेली. मी माझा नंबर सोडून तिथंच थांबलो. ब्लीचिंग पावडरीत बोट बुडवून विटेच्या तुकड्यानं घासलं. परत आली तेव्हा डाव्या हाताचं, शाई लावायचं ते बोट सालपटून लाल झालं होतं. त्याच माणसानं ते उजेडात धरलं आणि शेजारच्याला म्हणाला, "बघा, शाई पुसून आली."

अक्का मतपेटीकडं बघत राहिली. "आमच्या पयल्या मताला हर उमेदवाराची पेटी येगळी हुती," मला म्हणाली. "पेटीवरच चित्र. चिठ्ठी टाकली की झालं. आता एकच पेटी, शिक्का, शाई. लई सुधारलं. फकस्त मला घेईनात."

तिचं होईपर्यंत मी देणार नाही म्हणून दाराशी बसलो. माझ्या मागचे मला ओलांडून गेले आणि शाईवर फुंकर मारत बाहेर आले. त्यात आमच्याच गल्लीतले किती तरी. वेळ संपली, पेटीला लाख लावली. ते सील कुणी मोडू नये म्हणून पोलीस उभा राहिला. त्यानंच मघाशी अक्काला बाहेर काढलं होतं.

तुमच्या रांगेतही रंगलेल्या हातांची एखादी बाई असेल. तिला परत पाठवलं तर पुढं सरकू नका. तिच्या हातात मतपत्रिका पडेपर्यंत तुमचं बोट खिशातच ठेवा.