रुबियाहचं विरजण

उद्योजकाचे दहा गुण मला अजून तोंडपाठ आहेत. झोपेतून उठवून विचारलं तरी क्रम चुकायचा नाही. बावीस वर्षं मी ते खेडोपाडी शिकवत हिंडले आणि त्या बावीस वर्षांत मी स्वतः साधं एक केळंही कुणाला विकलं नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी बाई मी. धोका पत्करणं म्हणजे काय, ते पुस्तकात वाचलेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे रुबियाहबद्दल बोलताना ही बाई फार शहाणी आहे असं कुणाला वाटायला नको.

रुबियाह सुंबरवारूची. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरचं हे गाव, आणि नदीकाठाला वारू नावाची रुंद पानांची झाडंच झाडं. गावात सात-आठ घरी टेंपे व्हायचं. सोयाबीन भिजवायचं, टोपलीत घालून पायांनी तुडवायचं, सालं वाहत्या पाण्यात सोडायची, उकडायचं, सुपात निववायचं. मग वारूच्या पानाला धरलेली बुरशी त्या दाण्यांवर चोळायची आणि केळीच्या पानात पुड्या बांधायच्या. दोन दिवसांत दाणे एकमेकांना घट्ट धरतात आणि पांढरीशुभ्र वडी तयार होते. त्या वारूच्या पानाला आमच्याकडे उसार म्हणतात, पण मी विरजणच म्हणेन, कारण दह्याला जे विरजण तेच टेंप्याला हे पान. प्रत्येक खेपेला मूठभर दाणे दोन पानांत दाबून पुढचं विरजण धरायचं, वाळवायचं आणि चुलीवर आढ्याला टांगायचं. दुकानात मिळणारं पुडीतलं विरजण तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. पंचेचाळीस वर्षं झाली या गोष्टीला.

विरजण कधी ना कधी सगळ्यांचंच मरतं. मग बाई एक कोरं पान घेऊन शेजारणीच्या मागच्या दारी जायची. "आमचं उडालं गं," एवढंच म्हणायची. आतली बाई आढ्यावरचं एक पान काढून हातात द्यायची. विकत देणं नाही, उसनं देणं नाही आणि नाही म्हणणं तर नाहीच. आभारही कुणी मानत नसे. पुढच्या पावसाळ्यात देणारीच मागायला येणार, मग कसले आभार?

रुबियाहचा नवरा सामिन नारळाच्या झाडांवर चढून गुळासाठी रस काढायचा. एका सकाळी ओलं खोड निसटलं आणि तो कमरेतून गेला. पुढच्या खोलीत बाजेवर पडला तो कायमचाच. रुबियाह तेव्हा सत्तावीस वर्षांची. सासूच्या हाताखाली ती टेंपे शिकली. पहिल्या सहा खेपा नासल्या. सहावीला ती रडायला लागली तेव्हा सासू म्हणाली, "रडतेस काय? नासलेल्याचा मिरची घालून रस्सा कर. तोही खपतो. आणि भिजत घाल परत."

तो रस्सा खरंच खपला. पुढे एका वर्षी सोयाबीन मिळेना, तर या बाईने सुबाभळीच्या बियांचं टेंपे केलं आणि बाजारात उभी राहून सरळ सांगितलं, "सुबाभळीचं आहे. नाही आवडलं तर पुढच्या पोनला परत आणा." आमचा बाजार दर पाच दिवसांनी, पोनच्या दिवशी. एकही पुडी परत आली नाही. चिकाटी, कल्पकता, सचोटी, अपयश पचवणं, जे जे मी तक्त्यावर रंगीत अक्षरांत लिहून आणलं होतं ते तिच्या अंगात आधीपासूनच होतं. फक्त दहावा गुण नव्हता, आणि तो मी दिला.

'उद्योजकतेची ओळख' हा आमच्या कचेरीचा सात दिवसांचा वर्ग. गावच्या सभागृहात चौदा बायका चटयांवर बसल्या होत्या. मी तिशीची, इस्त्रीचा गणवेश, हातात खडू. दहावा गुण होता, 'आपले वेगळेपण राखणे'. मी म्हटलं, "तुमच्या मालाचं जे गुपित असेल ते कुलपात ठेवा. गुपित वाटत सुटणारा माणूस कधी मोठा होत नाही."

मागून रुबियाहने विचारलं, "बू रेतनो, मग शेजारीण विरजण मागायला आली तर?" आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने बू म्हणतात, पुरुषाला पाक.

"शेजारीण काय विकते?"

"टेंपेच."

"कुठे बसते?"

"बाजारात. माझ्या समोरच."

"मग ती शेजारीण नाही. स्पर्धक आहे."

बायका खो खो हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली ती वागियेम, रुबियाहची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. "ऐकलंस का गं? मी स्पर्धक! आता माझ्या पोराची सुंता मांडेन तेव्हा स्पर्धकाच्या घरी भात रांधायला येशील ना?" ती म्हणाली. मुलाची सुंता असो की लग्न, या दोघींच्या चुली एकाच वेळी पेटायच्या. रुबियाहही हसली. पण तिने ते वहीत लिहून घेतलं. वर्गात लिहिता येणाऱ्या तिघीच होत्या, त्यांतली ती एक. मला केवढा आनंद झाला होता!

वर्ग संपला आणि खरंच तिचं चांगलं झालं. हमरस्त्यावर खानावळ चालवणारे पाक जुमादी रोजच्या चाळीस पुड्या घेऊ लागले. तिने दुसरी चूल मांडली. सामिनला बाजेवर बसून पुड्या बांधता येतात हे तिच्याच लक्षात आलं, आणि चार वर्षांनी त्या माणसाच्या तोंडावर हसू दिसलं. मी दर महिन्याला पाहुणे घेऊन यायचे, ही बघा आमची आदर्श उद्योजक म्हणून मिरवायचे.

पावसाळ्याच्या तोंडाला एकदा गेले तर ती दारातच वाट बघत उभी होती. धडा पाठ करून आलेल्या मुलीसारखी म्हणाली, "बू, वागियेम आली होती. पान घेऊन. मी दिलं नाही."

"काय सांगितलंस?"

"माझ्याकडेच पुरत नाही म्हटलं."

"मग?"

"तिने वर बघितलं." रुबियाहचा आवाज जरा खाली आला. "वर एवढा मोठा झुबका टांगलेला होता. मीही बघितलं. मग तिने पानाची घडी घातली नि गेली."

मी म्हणाले, "शाब्बास."

हा शब्द मी परत घेऊ शकले असते तर उरलेल्या एकवीस वर्षांचा पगार दिला असता.

वागियेम नदीपलीकडच्या गावी आत्याकडे चालत गेली आणि तिथून विरजण घेऊन आली. तोवर तिचे तीन बाजार बुडाले. भांडण काही झालं नाही. आमच्याकडे भांडत नाहीत, आमच्याकडे माणसं आदराने बोलायला लागतात. कालपर्यंत "काय गं, कुठे निघालीस?" म्हणणाऱ्या बायका रुबियाहला "आपण कुठे निघालात, बू?" विचारू लागल्या. घाटावर तिच्यासाठी जागा करून देऊ लागल्या. वागियेमच्या मुलाच्या सुंतेचं बोलावणं आलं, पण ते पाहुण्यांना देतात तसं, भाताचा डबा घरी पाठवून. भात रांधायला कुणी बोलावलं नाही. त्या दिवशी सामिन म्हणाला, "पलीकडे धूर किती निघतोय बघ. आणि तू इथे."

रुबियाहने मला हे सांगितलं. मी म्हटलं, "यशस्वी माणसाचा हेवा करतातच." तेही माझ्या पुस्तकात होतं.

मग मी दुसरं शहाणपण केलं. वरच्या कचेरीतले साहेब पाहणीला येणार होते, आणि काळ्याकुट्ट आढ्याला लोंबणारी ती पानं मला लाजिरवाणी वाटली. ईदच्या बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा मी घरून आणला. लोहाराकडून त्याला कडी लावून घेतली, कुलूप विकत घेतलं. "आता खरं कुलपात," मी हसत म्हटलं. तिने सगळी पानं एकेक करून डब्यात ठेवली. सामिन बाजेवरून बघत होता. "आई चाळीस वर्षं धुरात ठेवायची," तो म्हणाला, "धुराला काय झालं?"

"तुम्ही गप्प बसा," रुबियाह म्हणाली. "बूंना कळतं."

साहेब आले, डबा बघून खूश झाले, फोटो काढून गेले. त्यानंतर नऊ दिवस झड लागली. धुरावर जी पानं ठणठणीत राहायची त्यांना पत्र्यात घाम फुटला. कुलूप काढलं तर आत हिरवं-काळं, आणि नाकाला पदर लावावा असा वास. तिने तरी त्यातली बरी पानं निवडून चोळली. तीन खेपा शेवाळासारख्या बुळबुळीत झाल्या. पाक जुमादींनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी वागियेमकडून पुड्या मागवल्या. त्यांना बोल लावता येत नाही.

मी पोचले तेव्हा दोन्ही चुली थंड होत्या. रुबियाह तुडवलेल्या सोयाबीनच्या टोपलीपाशी बसली होती. एक दिवस, फार तर दीड, मग तेही आंबून गेलं असतं.

"मी आणते विरजण मागून," मी म्हटलं. "मला कोण नाही म्हणेल?"

"तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. तुम्हाला अख्खा झुबका देतील, वर चहा पाजतील." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे रागाने पाहिलं. "पण ते तुमचं होईल, बू. या घरात मागून आणलेलंच विरजण चालतं, आणि मागायचं मला आहे."

"मग जा ना."

"कुठल्या तोंडाने?"

सामिन आतून म्हणाला, "आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

ती उठली. परसातल्या वारूचं एक पान तोडलं, पदराला पुसलं आणि निघाली. मी मागे मागे. दहा पावलांचं अंतर, पण ती दोनदा थांबली. वागियेम चुलीपाशी उकडलेले दाणे काढत होती. आमच्याकडे बघून उभी राहिली.

"आमचं उडालं," रुबियाह म्हणाली. 'गं' तिच्या तोंडातून निघाला नाही.

वागियेमने वर हात घातला. एक नाही, तीन पानं काढली आणि तिच्या पानावर ठेवली. "घ्या, बू रुबियाह. तुमच्याच सासूबाईंचं आहे. माझ्या आत्याला त्यांनीच दिलं होतं." मग माझ्याकडे बघून, अगदी गोड आवाजात, "तेव्हा गावात वर्ग भरत नव्हते."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रुबियाह खाली मान घालून उभीच होती. तिला अजून काहीतरी हवं होतं, शिवी चालली असती, धक्का चालला असता. वागियेम अदबीने बाजूला झाली आणि दार मोकळं केलं. "जपून जा. पायरी ओली आहे."

टेंपे झालं, पहिल्यासारखंच झालं. पाक जुमादींनी निम्म्या पुड्या परत तिच्याकडून घ्यायला सुरुवात केली. पोट चाललं. ते अहो-जाहो मात्र गेलं नाही. त्या गावात ज्याला एकदा आदर दिला त्याचा परत काढून घेत नाहीत.

डबा रुबियाहने भंगारात दिला. आढ्यावरची पानं पुन्हा धुरात टांगली, आणि त्यांतली बारा वेगळी बांधून मागच्या दाराबाहेर, वळचणीखाली अडकवली. कुणालाही, न मागता, न बोलता नेता यावीत म्हणून. दर बाजाराच्या आदल्या दिवशी जुनी काढायची, नवी बारा बांधायची. मी बदलीवर जाईपर्यंत अधूनमधून बघायचे. बाराची बाराच असायची.

मी दहावा गुण पुसला. साहेबांनी विचारलं, नऊच कसे? मी म्हटलं, तक्त्यावर जागा पुरत नाही. एवढंच माझं शौर्य.

निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम गेले. सामिन जाऊन बरीच वर्षं झाली होती. वागियेमही थकली होती, तिचं टेंपे आता सून करायची, पुडीतल्या विरजणाचं. रुबियाहच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि बोटं उकडीच्या वाफेने बधिर झाली होती. तरी तिने मला हाताला धरून मागच्या दारी नेलं.

"बू, ही मोजता का? मला दिसत नाही, आणि हाताला पानं कळत नाहीत. काल बारा बांधून घेतली होती."

मी मोजली. बारा होती. ती तोंड वर करून उभी होती, उत्तरासाठी थांबलेली. मी एक पान आवाज न करता सोडवलं आणि पर्समध्ये टाकलं.

"अकरा," मी म्हटलं.

तिने वळचणीखाली हात नेऊन पानांवरून फिरवला. मग म्हणाली, "वागियेमची सून असेल. पोरगी लाजाळू आहे." आणि भिंतीला चाचपत चुलीकडे गेली, चहाचं आधण ठेवायला.

ते पान माझ्याकडे अजून आहे. त्याचं करायचं काय, ते मला येत नाही.