मला मराठी कोणी शिकवली

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. का नाही सांगितली? सांगितली असती, तर चार दिवस ती माझ्याशी बोलली नसती – आणि तिचं काही चुकलं नसतं. आता ती नाही. तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी हैदराबादेत वाढलो, उर्दूत शिकलो, आणि मास्तर होऊन आलो चारठाण्याजवळच्या एका खेड्यात. हैदराबाद संस्थान विलीन झालं, शाळा मराठी झाल्या, आणि आम्हा उर्दूवाल्यांना हुकूम आला – मुदतीत मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. घरी बसून खाणार काय? घरात तान्ही मुलगी. लिहिणं-वाचणं पुस्तकं घोकून जमवलं. पण बोलणं? मी तोंड उघडलं की वर्गातली पोरं एकमेकांना कोपरं मारायची.

भिवरामावशी आमच्याकडे शेळीचं दूध घालायची. धनगराची बाई, विधवा, तोंडानं फटकळ. तिनं मला हाताशी धरलं. दूध ओतलं की उंबऱ्याशी बसायची, आणि आमची दखनी उर्दू चांगली येत असूनही माझ्याशी एक शब्द दखनीत बोलायची नाही. मी चुकलो की कपाळावर हात मारायची – आणि पुन्हा पहिल्यापासून. कशासाठी करत होती? मी कधी विचारलंसुद्धा नाही.

तिची परीक्षाही तिच्यासारखीच. एके दिवशी बाजारात शेळीचं दावं माझ्या हातात दिलं. "इकून दावा, मास्तर. गिऱ्हाईक हसलं तर नापास, भांडलं तर पास." मी गिऱ्हाइकाला म्हणालो, आपण ही शेळी अवश्य घ्यावी. त्यानं ऐकायला आणखी चौघांना बोलावलं. पुढच्या बाजारीही तेच. मग एकदा मात्र एकजण शेळीच्या दातांवरून माझ्याशी असा हातघाईवर आला, आणि मीही त्याला असं सुनावलं, की मावशीनं पदरानं डोळे पुसले. हसून हसून. इतका आनंद मला नंतर सरकारी निकालाचाही झाला नाही.

सरकारी परीक्षा जिंतूरला होती. मावशी म्हणाली, "मी बी येते. बगू तरी काय पुसत्यात." ती बाहेर ओसरीवर बसली. दार उघडंच होतं.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी आठवडी बाजाराबद्दल बोलायला सांगितलं. नशीबच माझं! मी बोलत सुटलो. साहेब खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, ही पुस्तकातली मराठी नाही – तुमचे गुरू कोण? आले असतील तर आत बोलवा, मला त्यांना नमस्कार करायचा आहे.

मावशी उठली. लुगड्याची धूळ झटकली, डोक्यावरचा पदर नीट केला. मला ते उघड्या दारातून स्पष्ट दिसत होतं. बाकावर माझ्यासारखेच उर्दूवाले मास्तर ओळीनं बसलेले. शेळ्या राखणाऱ्या बाईनं मास्तरला शिकवलं म्हणून ते हसतील, एवढंच डोक्यात आलं.

मी म्हणालो, "आमच्या हेडमास्तरांनी शिकवलं. ते आज येऊ शकले नाहीत."

मावशी पुन्हा खाली बसली.

हेडमास्तरांनी मला एक अक्षर शिकवलं नव्हतं. शाबासकी मात्र त्यांनी न लाजता घेतली.

परतताना तिनं एवढंच विचारलं, "पास झालात न्हवं?" मी हो म्हणालो. "लय चांगलं झालं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन हजर. त्यानंतर वर्षभर तिनं माझ्या बायकोला शिकवलं. माझा पगार, मुलींची शिक्षणं, बाजारात ताठ मानेनं बोलणारी माझी बायको – सगळं तिच्यामुळे. आजही मी कोणाशी तावातावानं भांडलो की तोंडून तिचेच शब्द निघतात, आणि मला फार बरं वाटतं. मी तिचा शुक्रगुजार आहे. हे तिला एकदाही म्हणालो नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा गावानं शाळेत सत्कार केला. हेडमास्तर वारले होते, बायकोही राहिली नव्हती. कोणाला भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. मावशी, थकलेली, बायकांमध्ये अगदी पुढे बसली होती. मला मराठी कोणी शिकवली ते मी सांगितलं – हेडमास्तरांचं नाव घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.