शिट्टीला पाचपैकी पाच

संघपाल बिऱ्हाडे बोलतो ते अख्ख्या बसस्थानकाला ऐकू जातं आणि कोणालाही कळत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या एका स्थानकावर तो वाहतूक नियंत्रक आहे. स्थानकाचं नाव इथे देत नाही. त्याला अजून नोकरी करायची आहे. चौकशीच्या खिडकीमागे बसून, माईक जवळजवळ दातांत धरून, गाडी, फलाट, मार्ग आणि 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' हे सगळं तो एका श्वासात उरकतो. घोषणा संपली की प्रवासी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग रांगेने खिडकीशी येऊन विचारतात, "साहेब, पारोळ्याची गाडी कधी आहे?"

"आत्ताच सांगितलं ना!" संघपाल खेकसतो. जनतेला ऐकायची सवयच राहिली नाही, असं त्याचं ठाम मत आहे.

त्याला स्वतःला मात्र ऐकायची सवय दांडगी. ड्युटी संपवून संध्याकाळी अमळनेरला घरी आला, चहा घेतला, की तो रेडिओ काखेत मारून गच्चीवर जातो. तिथे पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या इंदिराबाईंच्या गच्चीवरच्या लोखंडी खांबापर्यंत तांब्याची तार ताणलेली आहे. तिचं टोक रेडिओला जोडायचं आणि शॉर्टवेव्हवर दूरदूरच्या देशांची केंद्रं शोधत बसायचं, हा त्याचा छंद. गल्लीतल्या लोकांना आधी वाटलं, हा सरकारचा गुप्तहेर असावा. नंतर वाटलं, डोक्याने गेलेला असावा. संघपालने दोन्ही समज खोडून काढले नाहीत. पहिल्याने वचक राहतो आणि दुसऱ्यामुळे वर्गणी मागायला कोणी फिरकत नाही.

परदेशी केंद्रं अमळनेरपर्यंत बिनबोभाट येतात. अडचण गल्लीत सुरू होते. कोणाचा इन्व्हर्टर घरघरतो, कोणाचा नवा दिवा किरकिरतो, कोणी डास मारायची बॅट चार्जिंगला लावली की एक आख्खा देश नाहीसा होतो. इंदिराबाई तर तारेवर कपडेच वाळत घालतात. "तार लई मजबूत आहे हो दादा, मागची दोरी दर पावसाळ्यात तुटायची," असं त्यांनी एकदा कौतुकाने सांगितलं होतं. त्यांची ओली गोधडी तारेवर पडली की अर्धा युरोप बुडतो.

त्या युरोपात एक लहानसा थंड देश आहे. त्याचं केंद्र रोज संध्याकाळी अर्धा तास हिंदी कार्यक्रम लावतं आणि तो सादर करतात मार्ता दीदी. दीदी तिकडच्याच, हिंदी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे त्यांची हिंदी इतकी शुद्ध की ऐकताना पाठ ताठ करून बसावं लागतं. शुक्रवारी त्या श्रोत्यांची पत्रं वाचतात. "अमळनेर से श्रीमान संघपाल बिर्हादे जी," असं त्या म्हणाल्या की संघपालचे कान लाल होतात. स्थानकावर त्याला दिवसभर 'ओ साहेब' नाहीतर 'ओ चौकशी' एवढ्याच हाका येतात. त्याचं पूर्ण नाव आदराने घेणारं ठिकाण जगात एकच, आणि तिथे बर्फ पडत असतो. हा अर्धा तास त्याच्याकडून कोणी काढून घेतला असता, तर त्याच्या दिवसात फक्त पारोळ्याची गाडी उरली असती.

आता या छंदाचा एक शिरस्ता आहे. केंद्र ऐकलं की त्यांना रिपोर्ट पाठवायचा: आवाज किती जोरात आला, दुसरं केंद्र आडवं आलं का, खरखर किती, आवाज मधेच बुडाला का, आणि एकूण कसं वाटलं. प्रत्येकाला एकपासून पाचपर्यंत गुण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे ऐकण्यासारखं काही नाही. रिपोर्ट पटला की केंद्राकडून छापील कार्ड येतं. त्यावर किल्ला, चर्च नाहीतर एखादी गाय असते.

संघपालने जन्मात पाचच्या खाली गुण दिलेला नाही. त्याची आई केसरबाई हिची शिकवणच तशी होती: ज्याच्या ताटावर बसलो त्याच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत. शेवभाजी घशातून उतरताना डोळ्यांतून पाणी काढो, पहिल्या घासाला "फस्टक्लास!" म्हणायचंच. मग एवढे लोक एवढ्या लांबून, आपलं वीजबिल भरून, आपल्यासाठी बोलतात, आणि आपण त्यांना लिहायचं, की तुमचा आवाज नीट येत नाही? पाहुण्याने असं बोलतात का?

खानदेश रेडिओ श्रोता संघाचे अध्यक्ष भटू नाना, मुक्काम धुळे, यांचं मतही तेच. या संघात पदं सात आणि माणसं पाच, त्यामुळे दोघांकडे अतिरिक्त कार्यभार असतो. नानांचा रेडिओ शोकेसमध्ये प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेला आहे. ते कार्यक्रम जेवता जेवता मोबाईलवर इंटरनेटने ऐकतात आणि रिपोर्ट रेडिओचा पाठवतात, पाचपैकी पाच. संघपालला हे मान्य नव्हतं. मोबाईलवर शॉर्टवेव्ह ऐकणं म्हणजे भरिताचा फोटो बघून ढेकर देणं, असं तो म्हणायचा. पण अध्यक्षांना नावं ठेवणं हेही त्याच्या शिकवणीत बसत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी मार्ता दीदींनी सांगितलं की खर्चात कपात झाली आहे. हिंदी कार्यक्रम सध्या रेडिओच्या पट्टीवर दोन जागी लागतो, एकतीस मीटरवर आणि एकोणपन्नास मीटरवर. त्यातली एक जागा बंद करावी लागेल. तेव्हा श्रोत्यांनी कळवावं, कुठे चांगलं ऐकू येतं.

उत्तर शेंबड्या पोरानेही दिलं असतं. एकतीस मीटरवर दीदी घरात बसून बोलल्यासारख्या यायच्या. एकोणपन्नासवर त्यांच्या अंगावर कोणतंतरी दांडगं केंद्र येऊन बसलेलं असायचं आणि दोघांच्या झटापटीतून नुसती शिट्टी निघायची, कुकरची असते तशी, फक्त भात न होणारी.

संघपालने नानांना फोन लावला. "नाना, खरं लिहायचं का?"

"जय भीम भाऊ. तुला काय झालंय?" नाना म्हणाले. "लग्नात वरबापाने विचारलं, जिलबी चांगली झाली का बुंदी, तर आपण काय सांगतो?"

"दोन्ही फस्टक्लास."

"मग! दोन्हीला पाच-पाच. एकाला कमी दिलं तर त्यांचा इंजिनिअर म्हणेल, खानदेशातले लोक जेवून नावं ठेवतात."

संघपालने शिट्टीला पाचपैकी पाच दिले. त्याची बायको वृषाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने चहा ठेवता ठेवता कागदावर नजर टाकली. "अहो, मी असे मार्क दिले तर वर्गातली बठ्ठी, एकूणएक पोरं पहिली येतील आणि एकालाही पाढे येणार नाहीत."

"हा आदराचा प्रश्न आहे," संघपाल म्हणाला.

"मग आदरच ऐका आता," ती म्हणाली.

महिनाभराने दीदींनी निकाल सांगितला. खानदेशच्या मित्रांनी भरभरून रिपोर्ट पाठवले, त्यांचे आभार. दोन्ही जागी ऐकू येणारा आवाज सारखाच उत्तम असल्याचं सर्वांनी एकमताने कळवलं आहे. तेव्हा ज्या जागेला वीज जास्त लागते ती, म्हणजे एकतीस मीटरची, पुढच्या सोमवारपासून बंद.

त्या सोमवारी संघपाल गच्चीवर शिट्टीपुढे बसला. मंगळवारीही बसला. मधूनच शिट्टीच्या पोटातून "नमस्कार" असं काहीतरी वर यायचं आणि पुन्हा बुडायचं. वृषाली वाळलेले कपडे काढायला वर आली.

"काय म्हणतात तुमच्या दीदी?"

"शिट्टी."

"किती मार्क?"

संघपाल इंदिराबाईंच्या गोधडीकडे बघत बसला. ती बिचारी त्या दिवशी कोरडी होती. तिच्यावरही ढकलता येईना.

पावसाळा तसाच गेला. केंद्राचं नवं वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटी लागतं आणि एकदा लागलं की सहा महिने कोणी त्यात भर घालत नाही. पुढच्या वर्षी कार्यक्रमच राहील की नाही, देव जाणे. संघपालने मन घट्ट करून खरा रिपोर्ट लिहायला घेतला. 'एक' हा आकडा काढताना त्याचा हात असा अडत होता, जणू जेवून उठताना तो यजमानाला शिवी देतोय. तरी त्याने पाची रकान्यांत एक-एक भरला आणि कागदाचा फोटो काढून ईमेलने पाठवून दिला.

पुढच्या शनिवारी नानांचा फोन आला. रेडिओवरची शुक्रवारची पत्रं आता संघपालला नानांकडून, म्हणजे मोबाईलवरून, ऐकावी लागत होती.

"अरे संघपाल, तुझं नाव आलं काल! दीदींनी फार हळहळ व्यक्त केली."

"कशाबद्दल?"

"तुझा रेडिओ बिघडल्याबद्दल! इतकी वर्षं पाच-पाच देणारा माणूस एकदम एकावर आला, म्हणजे सेट गेला असणार, असं इंजिनिअर म्हणतो. इतर सगळ्यांचे पाच आहेत ना. त्यांनी तुला नवा रेडिओ पाठवलाय, भेट."

"इतर सगळ्यांचे म्हणजे तुमचेच ना, नाना? तुम्ही रेडिओ तरी लावता का?"

"लावायचं काय त्यात? ऐकू येतंच ना फस्टक्लास!"

पार्सल आलं. सुबक, खिशात मावणारा, परदेशी बनावटीचा रेडिओ. संघपालने तो तारेला जोडला. इतकी स्वच्छ, इतकी धारदार शिट्टी त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

"आता काय करायचं?" त्याने वृषालीला विचारलं. हा प्रश्न त्याने एप्रिलमध्ये विचारला असता तर बरंच काही वाचलं असतं, पण तो तेव्हा अध्यक्षांना विचारण्यात गुंतला होता.

वृषाली म्हणाली, "पोराला वाचता येत नाही असं मी सांगते तेव्हा पालक मानत नाहीत. मग मी पोरालाच त्यांच्यापुढे उभं करते आणि म्हणते, वाच बाळा. तुम्ही त्यांना तुमची शिट्टी ऐकवा ना."

त्याच संध्याकाळी संघपालने रेडिओपुढे मोबाईल धरून कार्यक्रम रेकॉर्ड केला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिट्टी, आणि मधेच इंदिराबाईंचा खणखणीत आवाज: "दादा, गोधडी टाकू का वर, का चालू आहे तुमचं अजून?" तेवढाच काय तो शब्द न शब्द कळणारा भाग होता. ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं पाठवून त्याने खाली लिहिलं की माझे आजवरचे पाच हे आदराचे होते, आवाजाचे नव्हते, क्षमा असावी. लिहिल्यावर त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. आता ते कार्डंही परत मागतील, असं त्याला वाटत होतं.

शुक्रवारी तो नेहमीप्रमाणे शिट्टीपुढे बसला. अर्धा तास झाला, रेडिओ बंद केला, आणि फोन वाजला.

"जय भीम भाऊ! तुझी शिट्टी वाजवली!" नाना ओरडत होते. "पूर्ण जगाला ऐकवली! ती बाईसुद्धा, गोधडीवाली! दीदी हसल्या, इंजिनिअर हसला. नव्या वेळापत्रकात एकतीस मीटर परत लावताहेत. तुझं नाव तर तीनदा घेतलं."

संघपाल टाकीला टेकला. ज्या शिट्टीपुढे तो बसला होता, तिच्याच आत त्याची शिट्टी वाजली होती आणि त्याला पत्ताही लागला नव्हता. "नाना, काय म्हणाल्या हो माझ्याबद्दल? नेमकं सांगा."

"चांगलंच म्हणाल्या रे. मी जेवत होतो, नीट लक्ष नव्हतं."

दोन दिवसांनी धुळ्याच्या एका स्थानिक साप्ताहिकात बातमी आली: संघाच्या पाठपुराव्याला यश. सोबत नानांचा फोटो, हातात रेडिओ. प्लास्टिकचं कव्हर त्यावर तसंच होतं.

ऑक्टोबर संपता संपता मार्ता दीदी एकतीस मीटरवर परतल्या आणि "अमळनेर से श्रीमान संघपाल बिर्हादे जी" हे शब्द गच्चीवर लख्ख उतरले. संघपालने रिपोर्ट लिहायला घेतला. पेन सवयीने पाचाकडे वळलं. त्याने ते आवरलं आणि खरखरीच्या रकान्यात तीन लिहिले, कारण समोरच्यांचा इन्व्हर्टर खरोखरच घरघरत होता. आकाश कोसळलं नाही. उलट आठवड्याने इंजिनिअरने आभार मानले.

त्यामुळे त्याला जरा चेवच चढला. दुसऱ्या दिवशी स्थानकावर घोषणा करून तो खिडकीबाहेर आला आणि फलाटाशी टोपली घेऊन बसणाऱ्या पेरूवाल्या बेबाबाईला त्याने विचारलं, "बेबाबाई, खरं सांगा, माझी घोषणा कशी ऐकू येते?"

"फस्टक्लास शे, भाऊ! बठ्ठा स्टॅन्डवर आवाज जास."

"आणि समजतं का?"

"समजस नही काही," बेबाबाई पेरू पुसत म्हणाली. "पन आवाज फस्टक्लास शे."

संघपाल आत गेला. माईक उचलला. मग त्याने तो दातांपासून चार बोटं लांब धरला आणि पारोळ्याची गाडी, फलाट आणि मार्ग, मधे श्वास घेत, एकेक शब्द सुटा करून सांगितला. फलाटावरचे लोक चमकले. पारोळ्याचे प्रवासी उठून थेट गाडीकडे गेले. खिडकीशी कोणीही आलं नाही.

आली ती फक्त बेबाबाई, हातात एक पेरू घेऊन, काळजीने वाकून बघत.

"भाऊ, तब्येत बरी नही का? आज बठ्ठं समजनं."